माझी खुर्ची, त्याची साक्ष

"तो बॉल आत होता का रे?" हा प्रश्न गुरुवार सकाळपासून लिफ्टमनसकट अख्ख्या ऑफिसने मला विचारून झालाय. "तू तर तिथेच होतास ना?"

होतो. नेरुळला, त्या फुटबॉल मॅचला, प्रत्यक्ष स्टेडियममध्ये होतो. नुसता होतो असं नाही, मैदानाचा नकाशा उघडून, बोटाने रेघ ओढून, गोललाइनच्या नेमक्या सरळ रेषेतली खुर्ची हुडकून तिचं तिकीट काढलं होतं. आणि माली देशाच्या पोराने मारलेला बॉल गोलच्या आडव्या दांड्याला लागून खाली आपटला, तेव्हा मला दिसली ती एका गृहस्थाची पाठ. तीही धड नाही. पाठीवरची सॅक. सॅकवर कुठल्याशा ट्रेकिंग ग्रुपचं नाव होतं, ते मात्र अजून पाठ आहे.

घरी सोफ्यावर लवंडलेल्यांनी तो बॉल हळूहळू, मागेपुढे करत पाहिला आणि आता ते मला समजावून सांगतात.

ज्यांना पत्ता नाही त्यांच्यासाठी: बुधवारी, २५ ऑक्टोबर २०१७ला, सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल वर्ल्डकपची सेमीफायनल होती, स्पेन विरुद्ध माली. फिफाचा वर्ल्डकप भारतात पहिल्यांदाच आला आणि थेट हार्बर लाइनवर उतरला. भारताच्या मॅचेस मात्र दिल्लीला. जिकसन सिंगने कोलंबियाविरुद्ध डोक्याने मारलेला भारताचा पहिलावहिला वर्ल्डकप गोल दिल्लीकरांनी पाहिला. आमच्या वाट्याला तुर्कस्तान, न्यूझीलंड, पॅराग्वे आणि माली. म्हटलं ठीक आहे, जे पानात पडलंय ते जेवावं. पण मालीची पोरं मला आवडून गेली. पहिली मॅच इथेच पॅराग्वेशी ३-२ हरली आणि पुढच्या मॅचमध्ये इथेच तुर्कस्तानला तीन गोल घातले. पुढे गोव्यात इराकला पाच. गुवाहाटीत पावसात घानाला हरवलं, तेव्हा त्या मैदानाचा असा चिखल झाला की तिथली ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल उचलून कोलकात्याला न्यावी लागली. तर अशी माझी माली. तिच्यासाठी मी बॉसला दाताचं कारण सांगून निघालो.

दारावरच्या तपासणीबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, म्हणून बायकोने चकल्यांची पिशवी दिली होती. तपासणाऱ्याने एक चकली हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ये फेक के मार सकते है." मी म्हटलं, "चकली?" तो म्हणाला, "काटा है इसमें." वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नव्हता, काटा होता हे खरंच. चकल्या गेल्या, बाटली गेली, खिशातली सगळी चिल्लर एका पिंपात गेली. आत पाणी घेतलं तर तिथला पोरगा म्हणतो, "सुट्टे द्या." मी त्याला पिंपाची दिशा दाखवली. तो हसला नाही.

असा सोलून निघालेला मी माझ्या रांगेत पोचलो, तर माझ्या खुर्चीत एक मामा बसलेले. पन्नाशीचे, मिशा, पांढरा शर्ट, गळ्यात मालीचा नाही, स्पेनचाही नाही, भगवा मफलर. शेजारी अठरा-एकोणीसचा भाचा. दोघांच्या मधे वर्तमानपत्रावर मांडलेला फराळ: शंकरपाळी, चिवडा. आणि चकल्या! हे आत कसं आलं, हे मी त्या रात्रीत विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही.

"अहो, ही माझी सीट आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "हितं तर आम्ही बसलोय."

विधान बिनतोड होतं. मी तिकीट पुढे केलं. ते त्यांनी शांतपणे वाचलं आणि भाच्याकडे दिलं. भाच्याने खुर्चीचा आकडा बघितला, तिकिटाचा बघितला आणि म्हणाला, "मामा, बरोबर हाय त्यांचं."

मला वाटलं, संपलं.

"बरोबर हायच की," मामा म्हणाले. "आम्ही कुठं चूक म्हणालोय? बसा की मग."

"कुठे?"

"एवढं मोकळं हाय." त्यांनी हात असा ऐसपैस फिरवला की मला वाटलं, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने सगळं नेरुळ त्यांच्याच नावे केलंय.

"पण मला हीच हवी आहे. मी मुद्दाम ही घेतली. गोललाइनच्या रेषेत येते."

"व्हय, म्हणून तर हितं बसलोय आम्ही."

"तुमचं तिकीट कुठलं आहे?"

हा प्रश्न त्यांना लागला. "बिगरतिकिटाचं आलोय वाटलं काय तुम्हाला?" त्यांनी खिशातून तिकिटं काढून माझ्यासमोर धरली. पार पलीकडची, गोलच्या मागची. "तितनं काय दिसतंय? नुसती जाळी. पाव्हणं, तुम्ही असं करा, तुम्ही जावा तिकडं. जाळीतनं बघायची बी एक मजा असतीय."

म्हणजे माझ्याच खुर्चीत बसून हा माणूस मला त्याची खुर्ची दान करत होता.

"उठा," मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा.

"उठलो असतो की. पण पोराचा गुडघा बघा. ऑपरेशन झालंय. उठबस न्हाई करायची सांगितलंय डॉक्टरांनी." भाच्याने ताबडतोब गुडघ्यावर हात ठेवला. कुठल्या गुडघ्यावर ठेवायचा हे ठरवताना त्याची एक क्षण गडबड झाली, ती मी पाहिली. आणि मी ती पाहिली हे मामांनी पाहिलं.

"साहेब, पेठ कुठली तुमची?" त्यांनी विषय बदलला.

"मी ठाण्याचा."

"मग बरोबर." काय बरोबर, ते त्यांनी सांगितलं नाही. पण तेवढ्यात ते कोल्हापूरचे आहेत हे आमच्या आसपासच्या चार रांगांना कळलं, कारण त्यांनी शाहू स्टेडियम सुरू केलं. शाहू स्टेडियमला खुर्चीला नंबर नसतोय. खुर्चीच नसतीय, पायऱ्या. जो आधी आला त्यो बसला. पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की दुपारच्याला जाऊन बसायला लागतंय, तितं कोण तिकीट नाचवत न्हाई. आणि अनिकेत जाधव आमच्याच कोल्हापूरचा, इंडियाच्या टीममधला, ठाऊक हाय न्हवं? आमच्या घरापासनं दोन गल्ल्या.

अनिकेत जाधव मला ठाऊक होता. तो कोल्हापूरचा आहे हेही खरं. कोल्हापूरचं फुटबॉलवेडही खरं. तालमीतालमीतून संघ निघालेलं दुसरं गाव महाराष्ट्रात दाखवा. बाकीच्या आपल्या राज्याचं फुटबॉल म्हणजे वर्ल्डकपच्या निमित्ताने १५ सप्टेंबरला झालेली, एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायची ती सरकारी मोहीम. त्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या पोरांनी शाळेत बॉलला लाथ मारून फोटो काढला. पुढच्या रविवारी त्यांतली दोघं खाली खेळायला लागली, तर सेक्रेटरीने गाड्यांच्या काचांचं कारण सांगून बॉल जप्त केला. तो अजून सोसायटीच्या ऑफिसात, कपाटावर आहे. तेव्हा एरवी हा माणूस मला भेटला असता तर मी त्याच्याशी तासभर बोललो असतो. पण माझ्या खुर्चीत बसून नको.

व्हॉलंटियर मुलगी आली. वीसेक वर्षांची, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. मी तिला तिकीट दाखवून केस मांडायला लागलो, तर मामाच तिला म्हणाले, "ये बाळ. यांना जरा चांगली जागा बघून दे बसायला. मघापासनं उभं हाईत बिचारे."

"थँक्यू, अंकल," ती म्हणाली. त्यांना! मग माझ्याकडे वळून, "सर, प्लीज थोडं ॲडजस्ट करा ना. मॅच सुरू होतेय. मागचे लोक ओरडतायत."

मागचे लोक खरंच ओरडत होते. माझ्यावर. "ओ भाऊ, बसा खाली!" तिकीटवाला मी, उभा मी, तमाशा करणारा मी. आपल्याकडे एकदा बूड टेकलं की तो मालक, आणि कागद दाखवणारा तो भांडखोर. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट झाली, हा आपला खरा कायदा. बाकी सगळी छपाई. मामांनी समजुतीच्या स्वरात एक शंकरपाळी पुढे केली. मी ती घेतली नाही. घ्यायला हवी होती, भूक लागली होती.

मग माझी वणवण सुरू झाली. दोन खुर्च्या सोडून बसलो, तर गालावर स्पेनचा झेंडा रंगवलेलं एक जोडपं आलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणालं, "एक्स्क्यूज मी, ह्या आमच्या." मी उठलो. लगेच उठलो. वरच्या रांगेत गेलो, तिथे एका शाळेची सहल निघाली. बाई पोरं मोजत आल्या आणि माझ्यापाशी थबकल्या, कारण एक जास्त भरत होतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "तुम्ही आमच्यातले का?" मी नाही म्हटलं. "मग तुमच्यामुळे माझा हिशेब चुकतोय," त्या म्हणाल्या. तिथूनही उठलो. या दरम्यान स्पेनच्या आबेल रुईझने पेनल्टीवर एक आणि हाफटाइमच्या तोंडावर दुसरा गोल केला. पहिला मी जिन्यातून पाहिला, दुसरा एका पोराच्या पिपाणीशेजारून.

तासाभराचा खेळ झाला असेल. माली २-० मागे, पण जोर त्यांचाच. एका पोलिसाने मला जिन्यातून उठवलं म्हणून मी एका रांगेतून आडवा सरकत होतो, लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत. तेवढ्यात मालीच्या डुकुरेने लांबून मारला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. समोर ती सॅक. गोलचा जो आवाज होतो तो झाला, आणि अर्ध्यातच तुटला. मी टाचा उंचावल्या, वाकलो, सॅकच्या काखेतून पाहिलं. खेळ चालू होता. पडद्याकडे मान वळवली तर तिथे तोच स्कोअर, २-०. रेफ्रीने गोल दिलाच नव्हता.

आणि खालून, माझ्या खुर्चीतून, नव्हे, खुर्चीवरून, कारण ऑपरेशन झालेला भाचा दोन्ही पायांनी तिच्यावर चढून नाचत होता, मामांची गर्जना आली: "आत हाय! फूटभर आत हाय! डोळं फुटलं काय ह्याचं?"

आसपासचे सगळे त्यांच्याकडे वळले. "काका, खरंच आत होता?" मामांनी दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. "मी रेषेत बसलोय की! चुना उडालेला बघितला मी!" हिरवळीवर रंगाचा पट्टा असतो, चुना उडत नाही. पण कोणी ऐकेना. लोक रांगा ओलांडून त्यांना विचारायला येत होते. एका पोराने मोबाइलवर त्यांची मुलाखत घेतली. ते प्रत्येकाला नव्याने सांगत होते, आणि दर खेपेला बॉल वीतभर आणखी आत जात होता.

ती साक्ष माझी होती. पैसे मी मोजले होते, नकाशा मी पाहिला होता.

बॉल आत होता, हे टीव्हीवाल्यांचं म्हणणं आता मीही नंतर बघून मान्य करतो. २०१०च्या वर्ल्डकपला ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा असाच आत पडलेला गोल रेफ्रीने दिला नाही, तेव्हा एवढी बोंब झाली की २०१४च्या वर्ल्डकपला बॉल आत गेला की नाही हे सांगणारी यंत्रं गोललाइनवर आली. इथे यंत्र नव्हतं. पोरं सतराची, म्हणून न्यायही अर्ध्या तिकिटाचा. २-१ झाले असते तर पुढे काय झालं असतं, हे त्या मालीच्या पोरांना आयुष्यभर कोणीतरी विचारत राहणार. थोड्याच वेळात फेरान तोरेसने तिसरा मारला. मग मालीच्या एन्डियायेने एक फेडला, तोपर्यंत फार उशीर झाला होता. ३-१. स्पेन फायनलला कोलकात्याला.

सुटल्यावर गर्दीत मामांनी मला नेमकं गाठलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "काय पाव्हणं, दिसला न्हवं गोल?"

"नाही दिसला," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या जागेवर होता."

"अरारारा!" त्यांना मनापासून वाईट वाटलं, हे सगळ्यात वाईट. "आधी सांगायचं की वो! सरकून घेतलं असतं." भाचा, तोच भाचा, दोन पायऱ्या एका दमात उड्या मारत पुढे निघून गेला होता. "असं करा. हंगाम सुरू झाला की कोल्हापूरला या. शाहू स्टेडियमला तुमच्यासाठी रुमाल टाकून ठेवतो."

"कोणी उठवलं तर?"

"रुमाल टाकल्यावर?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "कसं उठवंल?"