गावात घर बांधायला परवानगी लागत नाही म्हणे!

गावचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं, तर पारावर सगळ्यांचा एकच सल्ला. "गावात कसली परवानगी? टाक पाया!"

सल्ला अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात बांधकामाच्या नियमांची नवी एकत्रित विकास नियमावली आली. तेव्हापासून ग्रामीण भागात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या भूखंडावर परवानगीची वाट बघावी लागत नाही. पण मालकीचे कागद, घराचा नकाशा आणि तो नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो. ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर विकास शुल्क भरून बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. "नुसतं कळवा" असं सरकार म्हणालं, लोकांनी "कळवूही नका" असं ऐकलं.

एवढं सोपं, मग माझं घोडं अडलं कुठे? मालकीवर. नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत, त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी. भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक; पदाचं नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावाला ते भाऊसाहेबच) शांतपणे म्हणाले, "घरपट्टी तुम्ही भरता हो, पण त्यानं मालकी होत नाही." राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता.

मागचं परसू गावठाणाबाहेर, सातबाऱ्यावर. त्याची धास्ती होती, पण गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर वेगळी एनए (बिगरशेती) परवानगी लागत नाही, ठरलेली रक्कम भरायची. हद्द मात्र मोजणीशिवाय कळत नाही.

स्वामित्व योजनेत ड्रोन फिरवून गावठाणातल्या घरांची मिळकत पत्रिका देतात. चांगलंच आहे. पण ड्रोनला भिंती दिसतात, वाटण्या दिसत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, घरपट्टीच्या वसुलीला ग्रामपंचायत जशी दारोदार फिरते, तशी वारस नोंदीसाठीही एकदा फिरावी. बरीच बेकायदा घरं दांडगाईनं नाही, वारस नोंदीच्या कंटाळ्यानं होतात.

काका, बाबा आणि दोन आत्यांची संमती हवी होती. थोरल्या आत्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही करते रे, पण माहेरपणाला यायला मला एक खोली काढ."

नकाशा परत अभियंत्याकडे गेलाय.