कोलंबस हे नुसते कंपनीचे गाव नाही

पुण्याहून इंडियाना राज्यातील कोलंबस येथे कामासाठी येणाऱ्यांची ये-जा गेल्या काही दशकांत इतकी वाढली आहे की, कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीत या गावाचे नाव घेतले तर 'ओहायोतले नव्हे' असा खुलासा करावा लागत नाही. तरीही इथे दोन-तीन वर्षे राहून परतलेल्या बहुतेकांच्या तोंडी या गावाविषयी दोनच वाक्ये असतात. पहिले म्हणजे तिथे करण्यासारखे काही नाही, आणि दुसरे म्हणजे जे काही आहे ते सगळे कंपनीने, म्हणजे इथे मुख्यालय असलेल्या कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने, बांधून दिले आहे. पहिल्या वाक्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ज्याला शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडची गर्दी हवी असते त्याला हे गाव कधीच आवडणार नाही. दुसरे वाक्य मात्र चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे नीट मांडावे म्हणून ही लांबलचक पोस्ट.

कोलंबस हे बार्थोलोम्यू काउंटीचे मुख्य ठिकाण आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम नगरपालिकेएवढी. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाच्या पश्चिम कडेला एकत्र येतात आणि तिथून पुढे ती व्हाइट नदीची पूर्व शाखा होते. पूर्वेला हॉ क्रीक नावाचा ओढा आहे. गावाची स्थापना १८२१ ची. जनरल जॉन टिप्टन यांनी आपली जमीन दिली म्हणून गावाला आधी टिप्टोना असे नाव दिले गेले आणि थोड्याच दिवसांत ते बदलून कोलंबस करण्यात आले. या अपमानाने चिडून टिप्टन गाव सोडून गेले, असे इथले जुने लोक आजही मिटक्या मारत सांगतात. नामांतराचा वाद हा केवळ आपलाच वारसा आहे असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

इंडियानात ९२ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचे एक मुख्य ठिकाण आहे. जिल्ह्याचे ठिकाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईहून नेमून आलेले जिल्हाधिकारी येतात. इथे वरून नेमून आलेले कोणी नाही. तीन निवडून आलेले कमिशनर कारभार पाहतात, सात जणांची निवडून आलेली काउंटी कौन्सिल पैशांचा निर्णय घेते, शेरीफ निवडून येतो, दस्तनोंदणी करणारा अधिकारी निवडून येतो, इतकेच काय, न्यायाधीशसुद्धा निवडून येतात. घराचा मालमत्ता कर मे आणि नोव्हेंबर महिन्यांत भरायचा असतो आणि त्याच्या बिलात शाळा, ग्रंथालय, काउंटी, शहर असा कोणाकोणाचा किती वाटा आहे हे वेगळे दाखवलेले असते. हे बिल लक्षपूर्वक वाचणे हा या गावाची ओळख करून घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, असे माझे मत आहे.

या कारभाराचे केंद्र म्हणजे वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला असलेले काउंटीचे न्यायालय. लाल विटा आणि फिकट चुनखडी वापरून बांधलेली, उंच घड्याळ-मनोरा असलेली ही इमारत आयझॅक हॉजसन या वास्तुरचनाकाराने आखली आणि ती १८७४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या आवारात १९९७ मध्ये उभारलेले युद्धस्मारक आहे. चुनखडीचे चाळीस फूट उंचीचे पंचवीस खांब एका चौकोनात दाटीने उभे केले आहेत. बाहेरून पाहिले तर दगड खडबडीत, खाणीतून नुकता काढल्यासारखा दिसतो. मध्ये शिरले की त्याच दगडाचे आतले तळ गुळगुळीत घासलेले आहेत आणि त्यांवर या काउंटीतल्या, परत न आलेल्या सैनिकांची नावे आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांतले उतारे कोरलेले आहेत. दोन खांबांमध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढे अंतर असल्यामुळे उतारा वाचायचा तर मान वर करून, अंग चोरून उभे राहावे लागते. स्मारके बहुधा लांबून फोटो काढण्यासाठी बांधलेली असतात, आणि हे स्मारक मात्र लांबून अगदीच सामान्य दिसते. न्यायालयाजवळच काउंटीचा तुरुंग आहे. १९९० ची ही इमारत डॉन हिसाका यांची असून तिच्या माथ्यावर जाळीचा घुमट आहे. तुरुंगसुद्धा गावाच्या मध्यात, नीट विचार करून बांधायचा, हा निर्णय मला फार बोलका वाटतो.

आता ज्या आधुनिक इमारतींमुळे हे गाव प्रसिद्ध आहे त्यांच्याकडे वळतो. कमिन्स कंपनी १९१९ मध्ये सुरू झाली. क्लेसी कमिन्स हे अर्विन या बँकर कुटुंबाचे मोटारचालक आणि मेकॅनिक, आणि डब्ल्यू. जी. अर्विन यांनी त्यांच्या डिझेल इंजिनाच्या ध्यासात पैसे घातले. कंपनीला पहिला नफा व्हायला १९३७ साल उजाडले. अर्विन यांच्या पुढच्या पिढीतले जे. अर्विन मिलर १९३४ मध्ये कंपनीत आले. गावातले पहिले आधुनिक चर्च, एलिएल सारिनेन यांचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च, १९४२ मध्ये बांधून झाले, आणि त्यांचा मुलगा इरो सारिनेन याने १९५४ मध्ये अर्विन युनियन बँकेची काचेच्या भिंतींची, छतावर नऊ घुमट असलेली बुटकी इमारत बांधली. ही दोन्ही कामे खासगी होती. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली.

महायुद्धानंतर गावात मुलांची संख्या वाढली आणि शाळा घाईघाईने उभ्या करण्याची वेळ आली. तेव्हा कमिन्सच्या प्रतिष्ठानाने शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. आम्ही देऊ त्या यादीतून तुम्ही वास्तुरचनाकार निवडा, त्याचे शुल्क आम्ही भरतो. या प्रस्तावातून उभी राहिलेली पहिली शाळा हॅरी वीज यांची, १९५७ ची. पुढे हीच सोय इतर सार्वजनिक इमारतींना मिळाली. इथे एक साधा हिशेब लक्षात घ्यायला हवा. वास्तुरचनाकाराचे शुल्क हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेली मोठी रक्कम, म्हणजे विटा, काँक्रीट, मजुरी आणि त्यानंतरची कित्येक दशकांची देखभाल, गावानेच करातून भरली. निवडही मंडळानेच केली. म्हणून 'कंपनीने बांधून दिले' हे वाक्य मला खटकते. कंपनीने चांगला आराखडा परवडेल अशी व्यवस्था केली, आणि एका शेतीप्रधान काउंटीतल्या, फारशा क्रांतिकारक नसलेल्या लोकांनी दर वेळी सभेत बसून तो आराखडा स्वीकारला. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अवघड वाटते.

या व्यवस्थेचा परिणाम पाहायचा तर पर्यटकांची बस जिथे थांबते तो फिफ्थ स्ट्रीट पुरेसा नाही. तिथे आय. एम. पेई यांचे १९६९ चे ग्रंथालय आहे, त्याच्यापुढे हेन्री मूर यांची ब्राँझची प्रचंड कमान आहे, समोर चर्चचा मनोरा आहे, आणि हे सगळे पाहण्यासारखेच आहे. पण गाव कळते ते पंचविसाव्या रस्त्यावर, दुकानांच्या आणि वाहनतळांच्या रांगा ओलांडून पूर्वेकडे गेल्यावर. तिथे रॉबर्ट व्हेंच्युरी यांचे चौथ्या क्रमांकाचे अग्निशमन केंद्र आहे. साध्या लाल विटांचे खोके, दर्शनी भागाला पांढऱ्या चकाकत्या विटांचा मुलामा, मध्ये पाण्याचे होज वाळवण्यासाठीचा मनोरा आणि त्यावर लांबून दिसेल एवढा मोठा ४ चा आकडा. नकळत पुढे निघून जावे इतके ते साधे आहे. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी ते पाहायला येतात आणि आत बंब धुणारे लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात.

आग्नेयेकडच्या कामगार वस्तीत फोड्रिया शाळा आहे, १९७३ ची, जिच्या आराखड्याच्या वेळी परिसरातल्या लोकांचे आणि मुलांचे म्हणणे विचारात घेतले गेले. मेबल मॅकडॉवेल शाळा, १९६० ची, आता प्रौढ शिक्षणाचे केंद्र आहे आणि राष्ट्रीय वारसा स्थळही आहे. हॉ क्रीकपलीकडच्या ईस्ट कोलंबसची घरे लहान आहेत, कुंपणे जुनी आहेत, अंगणात एखादी न चालणारी ट्रक उभी असते. आपल्यापैकी बरेच जण 'तो भाग टाळा' असा सल्ला नवीन आलेल्यांना देतात. हा सल्ला ऐकीव असतो, आणि तो देणाऱ्याला तिथल्या एकाही रस्त्याचे नाव सांगता येत नाही.

आपण स्वतः राहतो ते बहुधा पश्चिमेला, नदीपलीकडे. टिप्टन लेक्स ही तळ्यांभोवती आखलेली वसाहत १९८० च्या आसपास आकाराला येऊ लागली. गवत कापलेले, रस्ते वळणदार, पीपल ट्रेल या पायवाटेवर संध्याकाळी चालणाऱ्यांत मराठी कानावर पडणारच. या वस्तीची एकच अडचण होती, ती म्हणजे गावात जाताना आडवा येणारा रेल्वेमार्ग. मालगाडी आली की संपूर्ण पश्चिम बाजू फाटकापाशी ताटकळत उभी राहत असे. काही वर्षांपूर्वी तिथे उड्डाणपूल झाला आणि गप्पांचा एक हक्काचा विषय संपला. या भागात राहणे सोयीचे आहे, मीही तिथेच राहतो, पण तिथून कार्यालयात आणि कार्यालयातून किराणा दुकानात जाणाऱ्या माणसाला हे गाव दिसत नाही, आणि मग 'इथे काही नाही' असे त्याला वाटले तर नवल नाही.

पुण्याशी या गावाचे नाते जुने आहे. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये स्थापन झाली, कोथरूडचा कारखाना उभा राहिला, १९९७ मध्ये किर्लोस्करांचा वाटा कमिन्सकडे गेला, कर्वेनगरात मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला कमिन्सचे नाव मिळाले आणि नंतर फलटणला मोठा प्रकल्प झाला. इंजिनाचे तंत्रज्ञान, गुणवत्तेच्या पद्धती, सुरक्षेचे नियम हे सगळे कोलंबसहून आपल्याकडे आले. सार्वजनिक इमारत कशी मागावी ही पद्धत मात्र आली नाही. आपल्याकडे शाळेची इमारत मंजूर होताना चर्चा खोल्यांच्या संख्येवर आणि ठेकेदाराच्या नावावर संपते, आराखडा कोणाचा हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

याचा अर्थ कोलंबसचे सगळे उजळ आहे असा नाही. न्यायालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर नदीकाठी मिल रेस पार्क आहे, मायकेल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्याने आखलेले, गोल तलाव आणि निरीक्षण मनोरा असलेले सुंदर उद्यान. त्या जागी पूर्वी गरिबांची झोपडवजा वस्ती होती. वारंवार पुराचे पाणी शिरणाऱ्या त्या भागाला लोक 'डेथ व्हॅली' म्हणत. १९६० च्या दशकात ती हटवली गेली. उद्यानात त्या घरांची आठवण फार थोडी आहे आणि मला ती उणीव वाटते. शिवाय वास्तुरचनाकारांची यादी तयार करणारा हात एकाच घराण्याचा होता, हेही खरे. अर्विन मिलर हे नागरी हक्कांच्या चळवळीच्या पाठीशी उभे राहिलेले, चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले बिगर-धर्मगुरू अध्यक्ष झालेले मोठ्या मनाचे गृहस्थ होते, म्हणून हे निभावले. असा माणूस मिळणे हा योगायोग आहे, त्याला धोरण म्हणता येत नाही.

७ जून २००८ रोजी हॉ क्रीकला पूर आला तेव्हा ओढ्याने वस्ती पाहिली नाही. काउंटीचे रुग्णालय रिकामे करावे लागले आणि ते काही महिने बंद राहिले. कमिन्सच्या तांत्रिक केंद्रातही पाणी शिरले. पुढच्याच वर्षी अर्विन युनियन बँक बुडाली आणि तिची काचेची इमारत नंतर कंपनीचे सभागृह झाली. म्हणजे ज्या घराण्याच्या नावावर गाव विसंबून होते त्याचा एक खांब गेला, तरी गाव उभे राहिले. कॉमन्स या गावाच्या मध्यातल्या सार्वजनिक वास्तूची जुनी इमारत पाडून २०११ मध्ये नवी झाली. जानेवारीच्या थंडीत मुलांना घेऊन तिथल्या बंदिस्त क्रीडांगणात जाणे हा सगळ्या देशी कुटुंबांचा नेम आहे, आणि शेजारी ज्याँ टिंगेली यांचे कर्कश आवाज करत फिरणारे लोखंडी शिल्प पाहून मुले घाबरतात तरी किंवा हरखून जातात. पंचविसाव्या रस्त्यावरचा ओस पडत चाललेला मॉल शहराने आणि रुग्णालयाने मिळून विकत घेतला, त्याचे आता नेक्ससपार्क नावाचे क्रीडा आणि आरोग्य संकुल झाले आहे.

सध्याचा खरा प्रश्न देखभालीचा आहे. आधुनिक इमारतींची सपाट छते गळतात, मोठ्या काचा महाग पडतात. फर्स्ट ख्रिश्चन चर्चच्या मनोऱ्याची दुरुस्ती देणग्या आणि अनुदाने गोळा करून करावी लागली. इरो सारिनेन यांचे शेवटच्या कामांपैकी एक असलेले, १९२ फूट उंच सुळक्याचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च १९६४ मध्ये पूर्ण झाले. सदस्य घटत गेले आणि २०२२ मध्ये तिथली प्रार्थनासभा विसर्जित झाली. ती वास्तू आता काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आली आहे. यावर माझ्या ओळखीतल्या काही जणांचे म्हणणे असे की, रिकाम्या चर्चचे छत आमच्या करातून का दुरुस्त करायचे. त्यात आपलेही लोक आहेत, ज्यांचे घर इथे आहे, कर इथे भरतात, पण व्हिसावर असल्यामुळे मत देऊ शकत नाहीत. त्यांची चिडचिड मला समजते. तरी माझे मत विरुद्ध आहे. शहराच्या मध्यापासून दूर, सामान्य घरांच्या वस्तीत असलेली ही जागा सर्वांसाठी खुली राहणार असेल तर तिच्यासाठी वर्षाला थोडे जास्त पैसे द्यायला माझी तयारी आहे, आणि ग्रंथालय मंडळाच्या सभेत मत नसलेल्या माणसालाही जाऊन बसता येते.