आमदार व्हायचंय? आधी मयतीला पोचा

पंचविशी पूर्ण झाली की घटनेच्या हिशेबानं तुम्ही विधानसभेला उभे राहू शकता. मराठवाड्यात मात्र उमेदवारी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सुरू होते, आणि फ्लेक्स पंचविशीची वाट बघत बसत नाही. डोळ्याला गॉगल, वर ओळीनं नेत्यांचे फोटो (हे सुटे छापून चिकटवा, पुढं बदलायला सोपं जातं) आणि खाली ‘भावी आमदार’. पैसे तुम्ही द्यायचे, शुभेच्छुक म्हणून नावं गल्लीतल्या पोरांची.

खरी मेहनत पुढं आहे. मयतीची. गावोगाव एकेक पोरगं असं धरून ठेवा, की सरण रचायच्या आत त्याचा फोन आला पाहिजे: “आण्णा, अमक्याची म्हातारी गेली.” लग्नाला उशीर चालतो. अक्षता पडून पंगती बसल्या तरी माइकवाला तुमचं नाव पुकारतोच, आणि नवरा-नवरी बाजूला राहून सत्कार तुमचा होतो. मयतीला तसं चालत नाही. चुकलीच तर राख सावडायला जा, तेही हुकलं तर दहाव्याला, शेवटी तेराव्याला. तेरावाही हुकला तर ते घर गेलं म्हणून समजा. भावकी धरली तर अख्खी आळी.

तिथं जाऊन करायचं काही नसतं. सतरंजीवर मांडी घालायची, पाच मिनिटं खाली बघायचं आणि हळू आवाजात विचारायचं, “कसं झालं?” कसं झालं ते तुम्हाला ठाऊक असतं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. त्या वाटेला जायचं नाही. “देवाच्या मनात होतं” म्हणायचं आणि चहा न घेता उठायचं. आमच्या भागातल्या एका आमदारांना मी एका कर्त्या पोराच्या गळ्यात पडून डोळे पुसताना पाहिलंय. गाडीत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, “आई गेली का वडील?” सलग तीनदा निवडून आले.

मयतीच्या खालोखाल डीपी, म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. रब्बीत मोटारींचा लोड आला की डीपी जळतो, हरभरा सुकायला लागतो आणि दहा शेतकरी तुमच्या अंगणात येऊन बसतात. जळालेला डीपी बदलून देणं हे वीज कंपनीचं कामच आहे. पण हे शेतकऱ्याला कळलं तर तुमचं राजकारण संपलं. म्हणून त्यांच्यादेखत साहेबाला फोन लावा, स्पीकर चालू ठेवा, जरा झापा. आठ दिवसांनी डीपी येईल, तो तसाही येणारच होता. बसवताना नारळ मात्र तुमचा. हक्काची वस्तू उपकार म्हणून दारात पोचवता आली की तुम्ही निम्मे आमदार झालात.

निवडून आल्यावर आमदार निधी मिळतो, वर्षाला ५ कोटी. तो सभामंडपात घाला. रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, त्याबरोबर तुमचं नावही. मंडपाच्या भिंतीवरची फरशी टिकते, आणि सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला आठ गावं ती वाचतात.

ऊसतोडीची माणसं विसरू नका. २०२४ साली मतदान २० नोव्हेंबरला होतं, नेमकं गळीत हंगामाच्या तोंडावर. अशा वेळी गाड्या पाठवून टोळ्या एका दिवसासाठी गावी आणायच्या. गाडी निघते, डिझेल मिळतं, वाटेत जेवणही मिळतं. त्याच टोळीतल्या लेकरांसाठी गावातल्या शाळेत वसतिगृह म्हटलं की फाईल लागते. कोणी तुम्हाला हे विचारणार नाही. मत टाकून रातोरात फडावर परतायचं असतं त्यांना.

पाण्यावर जपून बोला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असा प्रसंग तुमच्यावर आला तर हार घेऊन फलाटावर सगळ्यांच्या आधी पोचा. टँकरमागं धावणाऱ्या तालुक्यात एवढा ऊस कसा, असं कोणी म्हणालाच तर तो विषय कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत घेऊ म्हणा. संचालक तुम्हीच आहात. भाषणाला ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागं राहिल्याची बाकी, हा एक शब्द पुरतो. १९८४ साली दांडेकर समितीनं तो मोजून दिला, १९९४ साली त्यासाठी वैधानिक विकास मंडळ झालं, एप्रिल २०२० मध्ये मंडळाची मुदत संपली. अनुशेषाला मुदत नाही, तुमच्या नातवालाही कामाला येईल.

पक्षाचं काय, विचाराल. एकट्यानं बांध कोरला तर चोरी, दोन तृतीयांश भावकीनं मिळून कोरला तर वाटणी. २००३ पासून पक्षांतरबंदी कायदा साधारण असंच म्हणतो. आमदारांनी सुरत, गुवाहाटी पाहून घेतली ते २०२२ सालही आठवत असेल. कुठंही गेलात तरी परतल्यावर वाक्य एकच: “मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो.” फ्लेक्सवरचे सुटे फोटो आता कामाला येतील.

आणि कधी पडलातच, तर घाबरू नका. माजी आमदाराला महिन्याला किमान ५० हजार पेन्शन आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजेल, अमक्याचा म्हातारा गेला. जा, सतरंजीवर बसा, विचारा कसं झालं. दवाखान्यात डॉक्टर नव्हता, हे आता मोठ्यानं म्हणायला तुम्ही मोकळे आहात.