प्रतिक्रियेला उत्तर : दोष एकट्या गाठीचा नाही

नमस्कार,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगावर मिळणाऱ्या उपचारांबद्दलचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप दोन. या स्त्रियांना होणारा कर्करोगच मुळात जहाल असतो, मग त्यांच्यातल्या जास्त मृत्यूंचं खापर व्यवस्थेवर कशाला? आणि एका वर्णाच्या पेशंटकडे जास्त लक्ष दिलं तर तो बाकीच्यांवर अन्याय नाही का?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या आणि हर्सेप्टिनसारखी नेमकी औषधं ज्यावर चालत नाहीत तो ट्रिपल निगेटिव्ह प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट आढळतो. पण दुप्पट म्हणजे तरी किती? पाच पेशंटमध्ये साधारण एक. उरलेल्या चौघींच्या गाठींना गोळ्या किंवा हर्सेप्टिनसारखी औषधं लागू पडतात. तरीही त्याच प्रकारचा कर्करोग झालेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा त्या जास्त प्रमाणात दगावतात. एकूण हा कर्करोग होण्याचं प्रमाण त्यांच्यात थोडं कमीच आहे, मृत्युदर मात्र जवळपास ४० टक्क्यांनी जास्त. १९८० च्या आसपास हे दोन्ही मृत्युदर जवळजवळ सारखे होते. पुढे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, सर्रास होऊ लागली, टॅमॉक्सिफेन या हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा वापर वाढला आणि अंतर पडत गेलं. नव्या औषधांचा ट्रिपल निगेटिव्हला उपयोग नव्हता हे त्याचं एक कारण, मान्य. पण गोळ्या लागू पडणाऱ्यांचं काय?

गाठ हाताला लागल्यापासून ऑपरेशनपर्यंत काय काय होतं ते बघा. मॅमोग्राम, त्यात शंका आली की सोनोग्राफी, मग बायोप्सी, तिचा रिपोर्ट, विमा कंपनीची मंजुरी, सर्जनची तारीख. दर वेळी कामावर खाडा, मुलांना कुणाकडे तरी सोडणं, दोन बस बदलून जाणं. यातली एक तारीख चुकली आणि हॉस्पिटलातून कुणी फोनच केला नाही, तर महिने निघून जातात. मला चीड येते ती या न केलेल्या फोनची.

न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलात डॉ. हॅरोल्ड फ्रीमन सर्जन होते. १९६४ ते १९८६ या काळात तिथे उपचार घेतलेल्या ६०६ पेशंटच्या नोंदी त्यांनी तपासल्या. बहुतेक कृष्णवर्णीय, बहुतेक गरीब. निम्म्या जणी आल्या तेव्हाच तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात होत्या आणि पाच वर्षांनी ३९ टक्केच हयात होत्या. फ्रीमन यांनी मोफत तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये ‘पेशंट नॅव्हिगेटर’ नेमले. कागदपत्रं, तारखा, विमा, मनातली भीती, जे आडवं येईल ते दूर करून पेशंटला उपचारांपर्यंत नेणारा हा माणूस. १९९५ ते २००० मधल्या पेशंटपैकी ७० टक्के पाच वर्षांनी हयात होत्या आणि उशिराच्या टप्प्यात येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक पंचमांशावर आलं होतं. मधल्या काळात औषधंही सुधारली, त्याचाही यात वाटा आहे. पण उशिरा येणाऱ्यांचं प्रमाण औषधांनी कमी होत नाही, त्यासाठी कुणीतरी बाईला वेळेत दारापर्यंत आणावं लागतं.

आता दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो आणि पिट्सबर्ग इथल्या दोन कॅन्सर सेंटरांत झालेल्या ‘अॅक्युअर’ या प्रयोगात आहे. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे, सुरुवातीच्या टप्प्यातले पेशंट त्यात होते. पेशंटची तारीख चुकली किंवा ठरलेला उपचार वेळेत झाला नाही, तर कॉम्प्युटर लगेच सूचना देई आणि खास प्रशिक्षण दिलेली नॅव्हिगेटर त्या पेशंटशी संपर्क साधे. आपल्याकडच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पेशंटपैकी किती जणांचे उपचार पुरे होताहेत, हे डॉक्टरांनाही वेळोवेळी दाखवलं जाई. आधीच्या नोंदींनुसार उपचार पूर्ण होण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमध्ये ८७.३ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये ७९.८ टक्के होतं. प्रयोगात कृष्णवर्णीयांचं प्रमाण ८८.४ वर गेलं. गोऱ्यांचंही घटलं नाही, ८९.५ झालं. तुम्ही म्हणता तो अन्याय या आकड्यांत मला कुठेच दिसत नाही.