लिंगदेह, अ‍ॅस्ट्रल आणि उसनेपणाचा आरोप

काका, नमस्कार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. खजुरी बाजारातून तुम्ही थिऑसॉफीची, म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यात्मविचाराची, दोन जुनी पुस्तकं आणलीत, एक तिच्या संस्थापकांपैकी मादाम ब्लाव्हाट्स्कींचं, एक अ‍ॅनी बेझंटबाईंचं. माणसाच्या घडणीची मांडणी दोन्हींत जुळेना. त्यावरून तुमचं मत झालं की हा आपल्याच वेदान्तातून उचललेला आणि अर्धवट समजलेला माल आहे.

मांडणी जुळत नाही हे खरंच आहे, आणि बहुतेक नवे वाचक तिथेच अडतात. ब्लाव्हाट्स्कींच्या १८८९ च्या ‘की टू थिऑसॉफी’त सात तत्त्वं या क्रमाने येतात: स्थूल शरीर, प्राण, लिंगशरीर, कामरूप (वासनांचा देह), मनस (मन), बुद्धी, आत्मा. ‘अ‍ॅस्ट्रल’ देह म्हणजे त्यांच्या लेखी लिंगशरीर, स्थूल देहाचा साचा. पुढच्या पिढीतले थिऑसॉफीचे लेखक लेडबीटर आणि बेझंटबाई यांनी त्या साच्याला ‘इथरिक’ म्हटलं आणि ‘अ‍ॅस्ट्रल देह’ हे नाव वासनांच्या देहाला, म्हणजे कामरूपाच्या जागी, दिलं. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. तुमच्या बेझंटबाईंच्या पुस्तकात जिथे जिथे ‘अ‍ॅस्ट्रल’ येईल तिथे समासात पेन्सिलीने ‘काम’ (वासना) लिहा. निम्मा गुंता तिथल्या तिथे सुटेल.

उरलेला निम्मा आपल्या मराठी कानांमुळे होतो. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण हे देह आपण दासबोधापासून ऐकत आलो. वेदान्तात लिंगदेह म्हणजे सतरा अवयवांचं सूक्ष्म शरीर: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. ते जन्मोजन्मी पुढे जातं. ब्लाव्हाट्स्कींचं लिंगशरीर मात्र प्रेताबरोबरच विरून जातं. नाव ओळखीचं दिसलं की आपण जुना अर्थ त्यात ओततो, आणि मग पुनर्जन्माचं प्रकरण काही केल्या लागत नाही. त्यांच्या मते पुढे जातात आत्मा, बुद्धी आणि वरचं मनस. खालचं मनस वासनांशी जोडलेलं असतं, त्यातलं जेवढं वर चढेल तेवढंच टिकतं.

आता उचलेगिरीबद्दल. आपण काही नवं शोधलं असा ब्लाव्हाट्स्कींचा दावाच नव्हता. १८८८ च्या ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’च्या पहिल्या खंडात त्यांनी स्वतःच तक्ता दिला आहे: एका रकान्यात सात तत्त्वं, शेजारी वेदान्ताचे पाच कोश (आत्म्यावरची आवरणं), त्याच्या शेजारी तारक राजयोग या योगपरंपरेच्या तीन उपाधी (आत्म्याचे आधार) आणि आत्मा. प्राण आणि लिंगशरीर मिळून प्राणमय कोश, बुद्धीसमोर आनंदमय. तुमच्यासारखाच आक्षेप आतूनही आला होता. सोसायटीतलेच वेदान्ती टी. सुब्बाराव यांनी सोसायटीच्या मुख्यालयात, मद्रासजवळच्या अड्यारला, दिलेल्या १८८६ च्या गीताव्याख्यानांत या सप्तविध विभागणीवर उघड टीका केली, आणि ब्लाव्हाट्स्कींनी तिला छापील उत्तर दिलं. हा वाद जरूर वाचा. मला स्वतःला सुब्बारावांची चौपदरी, म्हणजे सातऐवजी चार तत्त्वांची, मांडणी जास्त नेटकी वाटते.

पण सगळंच उसनं आहे असं म्हणू नका. एकदा मनुष्यजन्म मिळाल्यावर जीव पशुयोनीत परत जात नाही, हे थिऑसॉफीचं ठाम मत आहे. आपल्या पुराणांचं तसं नाही. दोन जन्मांमध्ये साधारण दहा ते पंधरा शतकांचा काळ जातो, हेही तिचंच.

आणि यातलं काहीही मानण्याची सक्ती नाही. सोसायटीच्या १९२४ च्या ठरावानुसार कुठलंही मत सभासदावर बंधनकारक नाही. सभासद व्हायचं तर सोसायटीची तीन उद्दिष्टं मान्य करावी लागतात, एवढंच; त्यांतलं पहिलं म्हणजे जात, वंश, धर्म, लिंग न पाहता विश्वबंधुत्व. तेव्हा बेझंटबाईंचं पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. ‘की’मधलं सात तत्त्वांचं प्रकरण आधी संपवा, आणि ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’मधला तो तक्ता वहीत हाताने उतरवून घ्या.