खानापूर तालुक्यात एडीएचडीच्या पोरांना शाळेत मदत कधी मिळणार?

आपल्याकडं पोरगं जागेवर बसत नसलं की ते 'वांड', आणि पोरगी गप्प बसून खिडकीबाहेर बघत असली, वही अर्धी, डबा शाळेतच विसरलेला, तर ती 'मंद'. या दोघांनाही एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा एका जागी स्थिर राहता येत नाही असा मेंदूच्या वाढीशी जोडलेला त्रास, असू शकतो हे बेळगाव शहरात आता बऱ्यापैकी माहीत झालंय पण आमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबी, गुंजीकडं हा शब्द अजून शाळेतसुद्धा कोणी काढत नाही. जगभरातल्या अभ्यासात शंभरात साधारण पाच मुलांना हा त्रास दिसतो, म्हणजे तीस-चाळीस पोरांच्या वर्गात एखादं-दुसरं असणारच. आपल्या गावातली ती पोरं शेवटच्या बाकावर मार खात बसलेली असतात, पोरी तर कुणाच्या नजरेलाच येत नाहीत.

माझा मुलगा सरकारी मराठी शाळेत चौथीला आहे. तिसरीपर्यंत नली-कलीत, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी शाळांतल्या खेळत शिकायच्या पद्धतीत, त्याचं बरं चाललेलं, कारण तिथं गटात खाली बसायचं, कार्ड उचलायचं, उठून दुसऱ्या गटात जायचं, हातपाय हलतेच राहतात. चौथीत बाकावर बसून फळ्यावरचं उतरून घ्यायची वेळ आली आणि सगळं विस्कटलं. बाईंचं दिवसभर "काय करूलास रे, बस की गप" चालू, आणि बाईंचा मला राग नाही, दोन वर्ग एकत्र सांभाळायचे, दुपारचं जेवण बघायचं, वर मोबाईलवर माहिती भरायची, एका माणसानं किती करायचं?

धारवाडला दाखवलं. डॉक्टरांनी नीट समजावलं की नुसतं दंगा करतो म्हणून एडीएचडी ठरत नाही, लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, ६ महिने तरी टिकलेली हवीत आणि घरी आणि शाळेत दोन्हीकडं दिसायला हवीत. म्हणजे निदानालाच शाळा लागते! शाळेसाठी एक फॉर्म दिला, तो इंग्रजीत, तो बरेच दिवस कपाटात पडून राहिला. शेवटी शेजारची कॉलेजला जाणारी पोरगी बाईंजवळ बसली, एकेक प्रश्न मराठीत सांगितला आणि बाईंनी इतकं बारकाईनं सांगितलं की मी बघतच राहिले, कुठल्या तासाला बिघडतो, कशानं शांत होतो, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त कुणी त्यांच्या भाषेत विचारलं नव्हतं.

म्हणून मला राग येतो तो शाळेत मदत मागितली की मिळणाऱ्या "आधी दिव्यांगाचं सर्टिफिकेट आणा, मग बघू" या उत्तराचा. अहो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे पण एडीएचडीचं वेगळं नाव नाही. ज्याला दोन्ही आहे त्याला कागद मिळून पुढं परीक्षेत जादा वेळ वगैरे मिळू शकतो, पण ज्याला नुसता एडीएचडी आहे त्याच्या आईनं रोप लावणीच्या दिवसात मजुरी बुडवून, लोंढा-अळणावर करत धारवाडला जाऊन कुठला कागद आणायचा? आणि पुढच्या बाकावर बसवायला कागद कशाला पाहिजे?

आमच्या बाईंनी काय केलं सांगते. त्याला दारापासून लांब, आपल्या टेबलाजवळ बसवलं. दहा गणितं एकदम न देता तीन द्यायची, ती दाखवली की पुढची तीन. मधेच खडू आण, वह्या गोळा कर असं काम देऊन उठवायचं. सूचना एका वेळी एकच, आणि जमलं की लगेच सगळ्यांसमोर शाबास. पैसे शून्य लागले. तो एकदम शहाणा झाला असं नाही, अजून भांडतो, अजून दप्तर विसरतो, पण शाळेला जायचं नाही म्हणून सकाळी रडणं थांबलंय आणि मला तेवढं लई आहे.

औषधाचं डॉक्टर ठरवतील, त्यावर फेसबुकवर मत द्यायला मी कोण. एवढंच सांगते की एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, येतं, त्याला दुकानदाराकडं वेगळं लायसन लागतं, गावच्या मेडिकलमध्ये ते मिळेल असं धरून चालू नका, गोळ्या संपायच्या आधीच सोय करा.

आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेची, टीम शाळेत तपासणीला येते ना, वजन-उंची-दात बघून जाते, त्यांच्या यादीत एडीएचडी पण आहे, मग बाईंना सांगून आपल्या पोराचं नाव आधीच द्या. बीआरसीमध्ये (तालुक्याच्या शिक्षण संसाधन केंद्रात) दिव्यांग मुलांसाठीचे रिसोर्स टीचर असतात, त्यांना शाळेत बोलवायला एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) मीटिंगमध्ये विषय काढा आणि तो प्रोसीडिंगमध्ये लिहून घ्या. कोणी छडी उगारली तर २००९ च्या आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याचं कलम १७ दाखवा, मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. आणि फॉर्म, माहितीपत्रकं मराठीत मागायला लाजू नका. मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करा असं राज्यघटनेचं ३५०अ कलम सांगतं, मग त्याच शाळेतल्या पोराचा त्रास समजून घ्यायचा फॉर्म मराठीत का नको? कन्नडला माझा काहीच विरोध नाही, माझा मुलगा पण शिकतोय, पण आईला घरी काय करायचं ते तिच्या भाषेत कळायला पाहिजे.

घरातून निघणंच शक्य नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, त्यात मराठी पण निवडता येते.

बाईंनी केलेलं सगळं मी एका पानावर मराठीत लिहून काढलंय, शाळेत द्यायला. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावच्या ताई-दादांना हवं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, फोटो पाठवते.