चौरसाची सर्वत्र वर्णी

चौकोनांचे वर्गीकरण वेन आकृतीने, म्हणजे प्रत्येक प्रकाराच्या संचासाठी एक वर्तुळ काढून, करून दाखवावे, असा गृहपाठ ज्या घरात येतो, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची त्या संध्याकाळी धडगत नसते. आकृती मुलांनी काढायची आणि तिचे समर्थन पालकांनी करायचे, अशी या कामाची अलिखित वाटणी आहे. आमच्या घरी समर्थनाचे खाते माझ्याकडे असते.

मुळात ज्या आकृत्यांची सगळी प्रतिष्ठा त्यांच्या कोनांवर अवलंबून आहे, त्यांना एकही कोन नसलेल्या वर्तुळांत कोंबायचे, ही कल्पनाच मला थोडी क्रूर वाटते. त्यातून ही सारी वर्तुळे ज्या चौकटीत काढायची, ती विश्वसंचाची (म्हणजे इथे सगळ्याच चौकोनांच्या संचाची) चौकट परंपरेने आयताकृती असते. मुलीने ती पट्टीने नीट आखली, आत एका वर्तुळावर ‘आयत’ असे लिहिले आणि विचारले, “बाबा, ही बाहेरची चौकटपण आयतच आहे ना? मग तिलाही या वर्तुळात घालायला नको का?” विश्वसंचाच्या आकाराला काही अर्थ नसतो, असे मी शक्य तितक्या गंभीर आवाजात सांगितले. उत्तर बरोबर होते; समाधान मात्र कुणाचेच झाले नाही.

यानंतर चौरसाची पाळी आली. आयताचे एक वर्तुळ आणि समभुज चौकोनाचे दुसरे, ही दोन्ही समांतरभुज चौकोनाच्या मोठ्या वर्तुळात एकमेकांना छेदतील अशी काढायची आणि मधल्या चिंचोळ्या छेदात चौरस बसवायचा. चौरस हा प्रत्येक समितीवर वर्णी लागलेल्या गृहस्थासारखा असतो. चारही कोन काटकोन असल्यामुळे तो आयतांच्या बैठकीला हजर, चारही बाजू समान असल्यामुळे समभुज चौकोनांच्या बैठकीलाही हजर, आणि पतंग नावाच्या चौकोनाच्या मंडळातही त्याचे नाव आहेच. एवढे असून त्याला ‘आयत’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते अपमानास्पद वाटते. मुलीलाही तसेच वाटले, आणि या बाबतीत तिच्या बाजूने प्राचीन ग्रीक भूमितीकार साक्षात युक्लिड उभा आहे. त्याने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातील व्याख्यांत आयताचे वर्णन करताना काटकोन हवेत, पण बाजू समान नकोत, अशी अट घालून चौरसाला सरळ बाहेर ठेवले होते.

नंतरच्या गणितज्ञांनी ही अट काढून टाकली ती चौरसावरील प्रेमापोटी नव्हे, तर श्रम वाचावेत म्हणून. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात हे एकदा सिद्ध केले, की आयत, समभुज आणि चौरस यांच्यासाठी ते पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. आतल्या वर्तुळाला बाहेरच्याचे सगळे गुणधर्म वारशाने मिळतात. आयत त्यात कर्णांच्या समानतेची स्वतःची भर घालतो, समभुज चौकोन कर्णांच्या लंबपणाची, आणि चौरस स्वतः काही न कमावता दोन्ही इस्टेटी खिशात घालतो.

“म्हणजे कर्ण समान आणि लंब असले की झाला चौरस,” असा निष्कर्ष मुलीने तत्परतेने काढला आणि मी मान डोलावण्यापूर्वीच स्वतःच तो खोडून काढला. तिने समान लांबीचे दोन रेषाखंड काटकोनात, पण मध्यभागी न छेदता काढले आणि टोके जोडली. जो चौकोन तयार झाला त्याच्या चारही बाजू वेगवेगळ्या होत्या आणि समांतर असे त्यात काहीच नव्हते. कर्ण परस्परांना दुभागत नाहीत तोवर हा तोतया कुठल्याच वर्तुळात बसणार नाही, म्हणून त्याची रवानगी चौकटीच्या एका कोपऱ्यात झाली.

खोडरबराचा खरा खप समलंब चौकोनाने केला. ‘समांतर बाजूंची एकच जोडी’ अशी व्याख्या घेतली, तर त्याचे वर्तुळ समांतरभुजापासून फटकून दूर राहते. ‘निदान एक जोडी’ असे म्हटले, तर तेच वर्तुळ समांतरभुज चौकोनाला त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट गिळून टाकते. एका शब्दाच्या फेरफाराने आकृतीचा निम्मा नकाशा बदलतो आणि दोन्ही व्याख्या छापील पुस्तकांत सुखाने नांदतात. माझे मत दुसऱ्या व्याख्येच्या बाजूने आहे, परंतु गुण वहीला मिळायचे होते, माझ्या मताला नव्हे, म्हणून पाठ्यपुस्तक म्हणेल ती पूर्व दिशा.

त्या मानाने पतंग फार गुणी निघाला. लगतच्या समान बाजूंच्या दोन जोड्या असलेल्या या आकृतीचे वर्तुळ समांतरभुजाच्या वर्तुळाला जिथे छेदते, तो भाग म्हणजे नेमका समभुज चौकोन. त्याला वेगळे वर्तुळ काढण्याचीही गरज उरत नाही. मी खूश झालो, तेवढ्यात मुलीला चक्रीय चौकोनही (ज्याची चारही टोके एकाच वर्तुळावर येतात तो) हवासा वाटला. चार संचांचे सगळे मिलाफ दाखवायला सोळा विभाग लागतात आणि चार वर्तुळे कशीही मांडली तरी जास्तीत जास्त चौदाच विभाग देतात. म्हणूनच जॉन वेनने 1880 मध्ये चार संचांसाठी लंबवर्तुळे वापरली. शिवाय वेनच्या पद्धतीत सगळे संभाव्य विभाग काढून रिकामे असतील ते छायांकित करायचे असतात. वर्तुळात वर्तुळ घालण्याची आमची रीत वेनच्या आधीच्या ऑयलर या गणितज्ञाची आहे, जी 1768 मध्ये छापून आलेल्या त्याच्या पत्रांत सापडते. गृहपाठाचे शीर्षकच त्यामुळे वादग्रस्त ठरते, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. मुलीने चक्रीय चौकोनाचा हट्ट ताबडतोब सोडला.

शेवटी कोपऱ्यातल्या तोतयाकडे लक्ष गेले. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले, की समांतरभुज चौकोन मिळतो, हे व्हॅरिन्यॉन या फ्रेंच गणितज्ञाचे प्रमेय (त्याच्या मृत्यूनंतर 1731 मध्ये प्रसिद्ध झालेले) मी तिला सांत्वनादाखल सांगितले. आतल्या आकृतीच्या बाजू बाहेरच्या कर्णांना समांतर आणि त्यांच्या निम्म्या लांबीच्या असतात; त्यामुळे कर्ण समान असतील तर आत समभुज चौकोन, लंब असतील तर आयत. तिने तोतयाचे मध्यबिंदू जोडले. आत चोख चौरस निघाला.

“बाबा, याला निदान अर्धे तरी आत घेऊ या.”

संचात अर्धे सदस्यत्व नसते, घटक एक तर असतो किंवा नसतो, असे मी बजावले.

“मग चौरसाला इतकी सदस्यत्वे कशी चालतात?”

हा प्रश्न भूमितीच्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असे सांगून मी समर्थनाचे खाते तिच्या आईकडे सोपवले.